मोटार म्हणजे सामान नव्हे

परदेशातून कायमचे परत येणाऱ्या माणसांना पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, "काय काय आणलंत?" आम्ही उभयता २०१९ च्या मे महिन्यात न्यूझीलंडमधील नऊ वर्षांचा मुक्काम आटोपून बडोद्याला परतलो, तेव्हा आम्हालाही तो विचारला गेला. पाठोपाठ दुसरा प्रश्न यायचा, "आणि गाडी? ती नाही आणलीत?" शाळेच्या पालकसभेत तर इतक्या जणांनी हे विचारले की वार्तापत्राचे काम पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "एकदा लिहूनच काढा ना!" आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे काका, मामा, आत्या, मावश्या परदेशी आहेत. त्यांच्यापैकी कुणी परतायचे मनात आणले तर उपयोग व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यूझीलंड हा मोटारींच्या बाबतीत मोठा गमतीदार देश आहे. तेथील मोटारजोडणीचे शेवटचे कारखाने १९९८ साली बंद झाले आणि त्याच वर्षी मोटारींवरचे आयातशुल्कही उठले. तेव्हापासून तेथे नव्याने रस्त्यावर येणारी मोटार समुद्र ओलांडूनच येते. जपानात काही वर्षे वापरलेल्या जुन्या गाड्याही तेथे मोठ्या संख्येने येतात. ऑकलंडचे बंदर शहराच्या अगदी मध्यभागी आहे. धक्क्यावर नुकत्याच उतरलेल्या मोटारी ओळीने उभ्या असलेल्या येताजाता दिसत. आमची लाल रंगाची माझदासुद्धा जपानहून जहाजानेच आलेली. २०१७ च्या मार्च महिन्यात आम्ही ती कोरी घेतली. आयुष्यात घेतलेली ती आमची पहिली नवी गाडी.

त्या गाडीत बसून आम्ही वेलिंग्टनपर्यंत गेलो. तेथून गाडीसकट फेरीबोटीत चढून कुक सामुद्रधुनी ओलांडली आणि साडेतीन तासांनी दक्षिण बेटावरच्या पिक्टनला उतरलो. आमची कन्या तेव्हा सात वर्षांची होती. बडोद्याला परतायचे घरात ठरू लागले, तेव्हा तिने प्रश्न एका वाक्यात सोडवून टाकला, "आपली गाडी बोटीत बसलेली आहे. मग ती बडोद्यालाही बोटीनेच येईल ना?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, गाड्यांची स्टेअरिंग उजवीकडे असतात, वेगही किलोमीटरमध्येच मोजतात. मग अडचण ती काय? म्हणून आम्ही माहिती काढायला बसलो, आणि पहिल्याच पायरीवर अडखळायची पाळी आली. आपल्याकडे १९६२ चा कस्टम्स कायदा आहे. त्यात 'बॅगेज' म्हणजे प्रवाशाचे सामान या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. प्रवाशाच्या मागाहून वेगळे येणारे सामानही तीत धरले आहे, पण मोटारवाहने मात्र स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहून कायमचे घर हलवणाऱ्याला घरगुती वस्तूंवर ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते. शिलाईचे यंत्र, धुलाईचे यंत्र, भांडीकुंडी, पुस्तके यांना ती लागू होते, मोटारीला नाही. कायद्याच्या दृष्टीने मोटार म्हणजे सामानच नव्हे!

म्हणजे गाडी आणता येत नाही असे नाही. आणता येते, पण तिला स्वतःच्या पायावर, म्हणजे चाकांवर, सगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. वापरलेल्या गाडीसाठीच्या मुख्य अटी अशा. गाडी बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नसावी. स्टेअरिंग उजव्या बाजूस असावे. वेग दाखवणारी तबकडी किलोमीटरची असावी. समोरच्या दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य असा असावा. आयातीनंतर किमान पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्यालायक राहील, आणि तेवढा काळ तिच्या दुरुस्ती-देखभालीची सोय होईल, याची हमी असावी. शिवाय वापरलेली गाडी मुंबई बंदरातच उतरवावी लागते. आपल्या गुजरातेत मुंद्रा, पिपावाव अशी मोठमोठी बंदरे आहेत, पण वापरलेल्या गाडीला त्यांचा उपयोग नाही. परदेशातून निघण्यापूर्वी तपासणीचा दाखला घ्यायचा आणि इथे उतरल्यावर पुन्हा तपासणी. ती होते अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, संरक्षण खात्याच्या वाहन संस्थेत, पुण्याच्या एआरएआयमध्ये किंवा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या यंत्र-तपासणी संस्थेत. हे सारे पार पडले की मग आपल्या आरटीओत पासिंग.

या अटी वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येते. दुबई, मस्कत, कुवेत किंवा अमेरिकेहून परतणाऱ्यांचा प्रश्न दुसऱ्याच अटीला निकालात निघतो, कारण तिकडच्या गाड्यांची स्टेअरिंग डावीकडे असतात. इंग्लंडची गाडी उजव्या स्टेअरिंगची, पण तिची तबकडी मैलांची. आमची गाडी या चाळणीतून बरीचशी खाली उतरली होती. अडकत होती ती देखभालीच्या अटीशी, कारण माझदा कंपनीचा भारतात कारभारच नाही. बडोद्यात काचेचा एक आरसा फुटला तरी तो कुठून आणायचा?

नियम करणाऱ्यांचा आम्हाला राग आला नाही. ज्या देशात गाड्या बनतच नाहीत, त्याने बंदराचे दरवाजे उघडे ठेवले तर नवल नाही. आपल्या देशात लाखो लोकांचे पोट मोटारीच्या कारखान्यांवर चालते. शिवाय जगभरातल्या झिजलेल्या, धूर ओकणाऱ्या गाड्या आपल्या अंगणात येऊन पडू नयेत, हेही पाहायला हवे.

आता मुलांनो, थोडे गणित. वापरलेल्या गाडीची किंमत कस्टम्सवाले कशी धरतात? बाजारात तिला काय भाव मिळेल हे ते विचारत नाहीत. ती नवी असतानाची किंमत घेतात आणि तीतून घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी दर तिमाहीला ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के, पुढे २ टक्के, आणि एकूण घसारा ७० टक्क्यांच्या वर नाही. आमच्या गाडीला दोन वर्षे झाली होती. म्हणजे चार चोक सोळा आणि चार त्रिक बारा, एकूण २८ टक्के. समजा, नवी गाडी १०० रुपयांची होती, तर तिची किंमत धरली जाणार ७२ रुपये. तीत जहाजाचे भाडे आणि विमा मिळवायचा, पण आपण सोपेपणासाठी ते बाजूला ठेवू.

२०१९ साली वापरलेल्या मोटारीवर मूळ सीमाशुल्क १२५ टक्के होते. ७२ रुपयांवर ते झाले ९० रुपये. दोन्ही मिळून १६२. या १६२ वर २८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५ रुपये ३६ पैसे. कराची बेरीज झाली १३५ रुपये ३६ पैसे, आणि निरनिराळे अधिभार आणखी वेगळे. शंभर रुपयांच्या गाडीची दोन वर्षे वापरल्यावर किंमत धरली ७२, आणि ती घरी आणायचा कर १३५ च्या वर! दीडकीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला, ही म्हण आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन सिद्ध झाली. (पुढे २०२५ मध्ये या करांची मांडणी बदलली आहे. म्हणून आज कुणाला गाडी आणायची असेल तर त्याने त्या दिवसाचे दर विचारूनच हिशेब करावा.)

जहाजाचा प्रकारही समजून घेण्यासारखा आहे. गाडी पाठवायचे दोन मार्ग. एक, पोटात रॅम्प असलेले मोठे जहाज. त्यात गाड्या चालवत नेऊन ओळीने उभ्या करतात. दुसरा, कंटेनर. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. आमची गाडी साडेचार मीटरच्या आतली, म्हणजे लांबीला ऐसपैस. पण रुंदीत दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरणार. पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी करायची, बॅटरीची तार सोडवायची, चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे लावायचे आणि पट्ट्यांनी गाडी जमिनीला आवळून टाकायची, म्हणजे समुद्र खवळला तरी ती जागची हलत नाही. मुंबईपर्यंतच्या वाटेत कंटेनर एका जहाजातून दुसऱ्यात चढणार आणि सगळा प्रवास सहा ते आठ आठवड्यांचा होणार, असे एजंटाने सांगितले होते. बंदरात उतरल्यावर कागद पुरे होईपर्यंत गोदीचे भाडे दिवसागणिक चढते, ते निराळेच.

एवढे सगळे कळल्यावर त्याच रात्री निर्णय व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्याचे कारण बडोद्यात होते.

दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत आमचे जुने घर आहे. तेथे नाना एकटे राहत. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. तेव्हा त्यांना ब्याऐंशीवे चालू होते. आम्ही परतणार हे ऐकून ते हरखले होते, पण मनातून त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. त्याला कारणही होते. नऊ वर्षांत "पुढच्या वर्षी येतो" हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकले होते. शिवाय आम्हाला न्यूझीलंडचा कायम रहिवासाचा परवाना मिळालेला होता. त्याला मुदत नसते. मनात येईल तेव्हा परत जाता येते. हे नानांना ठाऊक होते. त्यामुळे "गाडीसुद्धा आणायचा विचार आहे," असे आम्ही दूरध्वनीवर बोललो, तेव्हा त्यांनी ती गोष्ट घट्ट धरून ठेवली.

"गाडी आणा," ते म्हणाले. "माणसं काय, तिकीट काढून उद्या परत जातील. गाडी एकदा बंदरात उतरली की ती कुठं जाते?"

पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंकडून कळले की नानांनी कडियाला बोलावून घराचा ओटा दाखवला होता. अर्धा ओटा फोडायचा, उतार करायचा आणि गाडी आत घ्यायची, असा त्यांचा बेत. ज्या ओट्यावर आजीने पापड वाळवले, ज्यावर बसून आम्ही पाढे पाठ केले, जिथे रोज संध्याकाळी नाना आणि त्यांचे दोन मित्र बसतात, तो ओटा फोडायला ते तयार झाले होते. कशासाठी, तर आम्ही खरोखर येतो आहोत याची एक खूण दारात उभी राहावी म्हणून.

आता हिशेब निव्वळ रुपयांचा राहिला नव्हता. गाडी आणायची नाही असे सांगावे, तर नानांच्या लेखी आम्ही येत नाही असा त्याचा अर्थ होणार. आणावी, तर वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशांतून घराचे गळके छप्पर आणि नानांच्या गुडघ्याचे औषधपाणी करायचे, ते सारे कस्टम्सच्या खिडकीवर भरावे लागणार. आणि एवढे करून दारात उभी राहणार ती कुणाला दुरुस्त करता न येणारी गाडी.

त्या रात्री आम्ही दोघे पुष्कळ वेळ बोललो. खरे सांगायचे तर, "दोन वर्षं राहून बघू, नाही जमलं तर परत येऊ" हे वाक्य आमच्याही मनात कुठेतरी होतेच. आम्ही ते एकमेकांना उघड विचारले नव्हते. गाडीच्या निमित्ताने विचारावे लागले. सामान नेणाऱ्या कंपनीच्या अर्जातही तोच प्रश्न छापलेला होता, 'तात्पुरते की कायमचे?' मोटारीच्या बाबतीतही दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. कार्ने नावाचे एक कागदपत्र असते. मुंबईची १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन भारतीय गाड्यांना असे कार्ने देते. ते घेऊन फिरणारी गाडी जकात न भरता दुसऱ्या देशात पाहुणी म्हणून जाऊ शकते, पण मुदतीत तिला परत न्यावीच लागते. पाहुणी गाडी वेगळी आणि घरची गाडी वेगळी. मग आम्ही कोण? पाहुणे की घरचे? पहाटेपर्यंत त्याचे उत्तर ठरले. अर्जावर 'कायमचे' या शब्दापुढे खूण केली आणि गाडी विकायची, हेही ठरले.

रविवारी नानांना दूरध्वनी केला. हिशेब सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही येत नाही."

"नाना, येतोय," आम्ही म्हटले. "आणि तुमच्याकडे एक काम आहे. उद्या शाळेत जायचं, आणि नातीच्या प्रवेशाचा अर्ज आणायचा. चौथीचा."

नाना दुसऱ्या दिवशी काठी टेकत आपल्या शाळेत आले. कार्यालयापुढच्या रांगेत त्यांना उभे पाहून कुणीतरी खुर्ची दिली, तरी ते उभेच राहिले म्हणे. "अर्ज माझ्या हातानं घेतो," म्हणाले. पुढचे सात-आठ दिवस त्यांचे रोज दूरध्वनी. जन्माचा दाखला कुठला जोडायचा? तिकडच्या प्रगतिपुस्तकाची प्रत कधी पाठवता? नातीचे नाव देवनागरीत कसे लिहायचे, ऱ्हस्व की दीर्घ? गाडीचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. कडियालाही त्यांनी परस्पर सांगून टाकले की ओटा फोडायचा नाही, उलट त्याची एक पायरी तेवढी बांधून घ्यायची, पोर उड्या मारील तेव्हा पडू नये म्हणून.

माझदा आम्ही नव्यानेच ऑकलंडला आलेल्या एका कुटुंबाला विकली. त्यांचीही एक लहान मुलगी होती. आमच्या कन्येने तिला मागच्या सीटवरची 'चांगली बाजू' दाखवली, म्हणजे जिकडून समुद्र जास्त दिसतो ती. थोडी रडली, मग विसरली.

कंटेनरमधल्या थोड्याशा जागेतून आमचे सामान आले. पुस्तके, शिलाईचे यंत्र, मुलीची सायकल आणि गाडीत असायचा तो न्यूझीलंडच्या रस्त्यांचा मोठा नकाशासंग्रह. तो आम्ही शाळेच्या वाचनालयाला दिला आहे. भूगोलाच्या तासाला बाई तो वर्गात आणतात असे ऐकून समाधान वाटते. छप्पर दुरुस्त झाले. पावसाळा संपल्यावर एक लहान गाडीही घेतली, बलेनो. ही गाडी आपल्या गुजरातेतील हंसलपूरच्या कारखान्यात २०१७ पासून बनू लागली. गंमत अशी की आम्ही जपानी गाडी भारतात आणण्याचा हिशेब करत बसलो होतो, आणि भारतात बनलेली बलेनो २०१६ पासूनच जहाजात बसून जपानला जात होती! ही गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. ओट्याला धक्का लागला नाही.

पुढे २०२० च्या मार्च महिन्यात करोनामुळे आपल्याकडे टाळेबंदी झाली, आणि न्यूझीलंडनेही आपल्या सीमा बंद केल्या. कित्येक घरांतले आईवडील इकडे आणि मुले तिकडे अशी अडकली. त्या काळात एका रात्री नानांना दवाखान्यात न्यावे लागले. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या लहान गाडीने दहा मिनिटांत पोहोचवले. नाना सुखरूप घरी आले. त्या रात्री आम्ही ऑकलंडला असतो तर आमच्या हाती दूरध्वनीखेरीज दुसरे काय असते?

पालकहो, तुमच्या घरचे कुणी परतणार असेल तर एवढे जरूर सांगा. गाडी आणायचा विचार असेल तर ती विकत घेतानाच करावा. दोन-अडीच वर्षांची झाल्यावर केला तर मुदत हातची जाते. गाडी बनल्याची तारीख, स्टेअरिंगची बाजू, तबकडी, भारतात देखभालीची सोय आणि त्या दिवसाचे कराचे दर, या पाच गोष्टी आधी पाहाव्यात. "सगळं होऊन जाईल" असे तोंडी सांगणाऱ्याकडून तेच कागदावर लिहून घ्यावे. हिशेब नव्या गाडीच्या किमतीवरून सुरू होतो, विकून येणाऱ्या किमतीवरून नाही, हे विसरू नये.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक उदाहरण. बरोबर तीन वर्षे वापरलेल्या गाडीवर घसारा किती टक्के? करा आणि गणिताच्या बाईंना दाखवा. तुमच्यातले पुष्कळजण उद्या शिकायला, नोकरीला दूर जातील. जरूर जा, जग पाहा. तिकडे चांगली गाडीही घ्या. मात्र परतायचे ठरले की वस्तूंची यादी करण्याआधी घरी वाट पाहणाऱ्या माणसाला आपण नक्की काय सांगणार आहोत, ते ठरवा. नाना आजही रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात. शाळा सुटल्यावर नात नव्या पायरीवर दप्तर टाकते, आणि ते घड्याळाकडे पाहून म्हणतात, "पाच मिनिटं उशीर झाला आज."